पुलावरचे छप्पर आणि मामांचा साकव

घसाऱ्याच्या तासाला आमचे सर एक प्रश्न दर वर्षी विचारतात म्हणे. "मालमत्तेची किंमत कशाकशाने कमी होते?" उत्तरे ठरलेली. वापराने, काळाने, नवे यंत्र निघाल्याने. शाळेत हा विषय मी 'घसारा' म्हणून शिकले, कॉलेजात त्याचे 'डेप्रिसिएशन' झाले आणि माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्याला 'सवकळि' म्हणते. शब्द तीन, पण ताळेबंदातला आकडा एकच. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेले, "पावसाने!" सारा वर्ग हसला. सरही हसले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र खानापूर तालुक्यातला आमच्या मामांचा साकव होता.

साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पायपूल. कानडीत त्याला 'कालुसंक' म्हणतात. साकव आणि संक, दोन भाषांतल्या बहिणीच वाटतात या. आमच्या आजोळी गावाच्या आणि शाळेच्या मधून वहाळ जातो. उन्हाळ्यात तो कोणीही उडी मारून ओलांडतो, पण मृगाचा पाऊस सुरू झाला की त्याच्याकडे पाहवत नाही. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस तिथे साकव घालतात: ऐनाचे दोन लांब ओंडके, वर आडवे बांबू आणि फळ्या, एका बाजूला धरायला बांबूचा कठडा. ऐनाला कानडीत मत्ती म्हणतात, मजबूत लाकूड. तरीही तीन-चार पावसाळ्यांत ओंडका आतून भुसा होतो.

आता ज्या पुलांविषयी लिहायचे आहे ते या साकवापासून फार दूर, अमेरिकेत आहेत. त्यांची माझी ओळख एका मैत्रिणीच्या घरच्या कॅलेंडरवर झाली. चित्रात नदी होती, दोन्ही काठांवर लाल-पिवळी झाडे होती आणि नदीवर चक्क एक लांबलचक गोठा उभा होता. फळ्यांच्या भिंती, उतरते छप्पर, दोन्ही टोकांना मोठी दारे. मी विचारले, "नदीवर गोठा कशाला बांधलाय?" मैत्रिणीचा दादा म्हणाला, "गोठा नव्हे गं, पूल आहे तो." पुलाला भिंती आणि छप्पर? माणसे पावसात भिजू नयेत म्हणून एवढा खर्च? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे पटेना. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले, त्यातून हा लेख झाला.

पहिली गोष्ट ही की ते छप्पर माणसांसाठी नाही. त्याबद्दल गमतीदार समजुती पुष्कळ आहेत. कोणी म्हणते, खालचे वाहते पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून भिंती. कोणी म्हणते, पुलावर बर्फ साचू नये म्हणून छप्पर. यातली दुसरी समजूत तर अगदी उलटी आहे. हिवाळ्यात त्या देशात घसरगाड्या चालत, आणि छपरामुळे पुलाची जमीन कोरडी राहिली तर गाडी घसरणार कशी? म्हणून माणसे लावून, फावड्यांनी बाहेरचा बर्फ आणून पुलाच्या आत पसरावा लागे. तरीही लोकांनी छपरे ठेवली, म्हणजे त्यांना त्यातून मोठा फायदा असलाच पाहिजे.

तो फायदा समजण्यासाठी पुलाची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्या कौलारू घराच्या आढ्याखाली लाकडी कैची असते. तिच्यात त्रिकोण असतात, आणि त्रिकोण ही अशी आकृती की कितीही दाबली तरी तिचे कोन बदलत नाहीत. चौकोनी खाटेची चौकट कललेली आपण पाहिली आहे, त्रिकोणी चौकट कलत नाही. अमेरिकेतल्या सुतारांनी अशा त्रिकोणांच्या दोन प्रचंड कैच्या नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उभ्या केल्या आणि त्यांच्यामधून रस्ता नेला. पुलाचा सगळा भार या दोन कैच्या वाहतात. बाहेरून दिसणाऱ्या फळ्या भार वाहत नाहीत. त्या कैच्यांना घातलेला अंगरखा आहेत. आणि छप्पर ही त्यांची छत्री!

कैचीत जिथे एक वासा दुसऱ्याला मिळतो तिथे खाच पाडून सांधा केलेला असतो. पाऊस पडला की पाणी तिथेच शिरते आणि तिथेच राहते. लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर तिचे काही चालत नाही. उलट लाकूड कायमचे पाण्याखाली बुडून राहिले तरी ते टिकते, कारण तिथे हवा नसते. घात होतो तो मधल्या अवस्थेत. हे मी पुस्तकात वाचले आणि मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले. ते विडी विझवत म्हणाले, "त्यात काय नवीन? लाकूड भिजलं म्हणून कुजत नाही. भिजलं, सुकलं, परत भिजलं की कुजतंय." माझी आठ दिवसांची मेहनत त्यांनी एका वाक्यात संपवली.

अमेरिकेत हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला गेला तो फिलाडेल्फिया शहरात. तिथे शूलकिल नदीवर एका कंपनीने टोल घेऊन चालवण्यासाठी मोठा लाकडी पूल बांधला, तो 1805 मध्ये खुला झाला. बांधणारे टिमथी पामर हे मॅसॅच्युसेट्सचे नामांकित पूलबांधे. आपण बांधलेले उघडे पूल डोळ्यांदेखत कुजताना त्यांनी पाहिले होते. कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी पुलावर छप्पर घालण्याचा आग्रह धरला आणि पामर यांनी त्याला दुजोरा दिला. उघडा पूल दहा-बारा वर्षे टिकेल, छप्पर घातले तर तीस, कदाचित चाळीस, असा त्यांचा अंदाज होता. स्थिर हप्ता पद्धतीने गणित करून पाहा. आयुष्य तिप्पट झाले की वार्षिक घसारा एक-तृतीयांश होतो, आणि छपराचा खर्च पहिल्या काही वर्षांतच वसूल होतो. भागधारकांना हे समजावयास वेळ लागला नसणार.

पामर यांचा अंदाज चुकला, पण कमी पडून चुकला. न्यूयॉर्क राज्यातला हाइड हॉल येथील छपराचा पूल 1825 मधला आहे. त्या देशातला आज उभा असलेला हा सर्वांत जुना छपराचा पूल मानतात. त्याला दोनशे वर्षे झाली.

आयोवा राज्यातल्या मॅडिसन परगण्याची गोष्ट तर आमच्या 'कॉस्टिंग'च्या पुस्तकात उदाहरण म्हणून घालण्यासारखी आहे. (याच पुलांवरून 1992 मध्ये एक कादंबरी आली आणि 1995 मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला, त्यामुळे हे नाव काहींनी ऐकले असेल.) तिथल्या परगणा मंडळाने पुलांना छपरे घालण्याचा हुकूम काढला. पुलाच्या तळाची मोठमोठी लाकडे महाग होती, भिंतीच्या आणि छपराच्या फळ्या स्वस्त. स्वस्त वस्तू झिजू द्यावी आणि महाग वस्तू वाचवावी, एवढेच तर्कशास्त्र. त्यात सौंदर्याचा किंवा प्रणयाचा विचार कोणी केला नव्हता.

प्रणयाची गोष्ट निघालीच आहे तर कॅनडातले एक प्रकरण सांगते. न्यू ब्रन्सविक प्रांतात हार्टलँड गावी 1901 साली खुला झालेला पूल आहे. 1920 मध्ये नदीतल्या बर्फाने त्याचे दोन गाळे मोडले, तेव्हा दुरुस्तीबरोबर त्यावर छप्पर घालण्याचे ठरले. लगेच चर्चमधून प्रवचने सुरू झाली की अंधाऱ्या पुलात तरुण मुलामुलींची नीती बिघडेल! छप्पर तरीही पडले. सुमारे 1282 फूट लांबीचा हा पूल आज जगातला सर्वांत लांब छपराचा पूल आहे. तिथल्या नीतीचे पुढे काय झाले याची नोंद माझ्या वाचनात आली नाही.

हे पूल बांधणे हा एकोणिसाव्या शतकात मोठा धंदा होता. इथिएल टाउन नावाच्या वास्तुविशारदाने 1820 मध्ये एका जाळीदार कैचीचे पेटंट घेतले. आपल्या वाड्यातल्या लाकडी जाळीसारख्या तिरप्या फळ्या एकमेकींवर टाकायच्या आणि जिथे जिथे त्या छेदतात तिथे भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. त्यासाठी अवजड तुळया नकोत, फार निष्णात सुतारही नकोत. टाउन स्वतः पूल बांधत बसले नाहीत, त्यांनी कल्पना विकली. दर फुटामागे एक डॉलर, आणि न विचारता बांधलेला पूल सापडला तर दोन, असा त्यांचा दर सांगतात. आम्ही 'रॉयल्टी खाती' सोडवतो तेव्हा खाणमालक आणि लेखक यांचीच उदाहरणे असतात. पुलाचे उदाहरण घातले तर पेपर जरा गोड लागेल.

मला सर्वांत आवडलेला पूल मात्र न्यू हॅम्पशायर आणि व्हरमॉंट या दोन राज्यांमधला, कॉर्निश आणि विंडसर या गावांना जोडणारा. त्याच जागी आधी तीन पूल होऊन गेले. हा चौथा 1866 मध्ये बांधला, लांबी सुमारे साडेचारशे फूट, खर्च 9,000 डॉलर. तोंडाशी पाटी आहे की घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. कारण दुडक्या चालीचा ठेका पुलाला हादरे देतो. नदी दोन राज्यांची सीमा आहे खरी, पण सीमा पलीकडच्या काठाच्या पाण्याच्या कडेला आहे असा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1933 मध्ये दिला. त्यामुळे पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचाच. सीमाभागात वाढलेल्या वाचकांना यातली गंमत वेगळी सांगावयास नको. पण पूल एकाच राज्याच्या वहीत असला तरी त्यावरून दोन्हीकडची माणसे जातात. 1936 मध्ये न्यू हॅम्पशायरने तो विकत घेतला आणि 1943 मध्ये टोल बंद केला. पुढे लाकडे वाकू लागली, पूल बंद करावा लागला आणि 1989 मध्ये दुरुस्ती पुरी झाली तेव्हा खर्च आला सुमारे साडेचव्वेचाळीस लाख डॉलर!

इथे माझे वाणिज्य अडले. नऊ हजारांच्या मालमत्तेवर साडेचव्वेचाळीस लाखांची दुरुस्ती? डॉलरची किंमत मधल्या काळात पार बदलली हे मान्य, तरीही पुस्तकी मूल्य केव्हाच शून्य झालेले. मी सरांना विचारले. सर म्हणाले, "शून्य झाले याचा अर्थ वस्तू संपली असा नाही. आपण तिचा खर्च लिहून संपवला, एवढाच." हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

त्या देशात असे पूल दहा हजारांहून अधिक बांधले गेले असे मानतात. आज हजाराच्या आत उरले आहेत. लोखंड आले, मग काँक्रीट आले. मोटारी आल्या आणि मालमोटारी त्याहून जड व उंच आल्या. पूर, बर्फ आणि आग तर नेहमीच्याच. आगीचे दुखणे विशेष वाईट आहे, कारण छप्पर असलेला कोरडा लाकडी बोगदा म्हणजे रचून ठेवलेली चूलच. मॅडिसन परगण्यातला सीडर पूल 2002 मध्ये कोणीतरी जाळला. लोकांनी 2004 मध्ये पुन्हा बांधला. 2017 मध्ये पुन्हा जाळला गेला, 2019 मध्ये पुन्हा बांधला. ज्या छपराने पाण्यापासून वाचवायचे, त्यानेच आगीला कोरडे लाकूड पुरवायचे, अशी ही अडचण आहे. स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न शहराचा चौदाव्या शतकातला प्रसिद्ध पूल असाच 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री पेटला आणि छपराखाली लावलेली सतराव्या शतकातली बहुतेक चित्रे त्यात गेली. पूल आठ महिन्यांत उभा केला, चित्रांना मात्र तसे करता येईना.

मग जतन करायचे म्हणजे काय करायचे? 1998 मध्ये अमेरिकेने या पुलांसाठी स्वतंत्र योजना कायद्यात घातली आणि पुढच्या काही वर्षांसाठी वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत तरतुदीस मान्यता दिली. पैसा आला, पण वाद मिटले नाहीत. एक पक्ष म्हणतो, खालून लोखंडी तुळया घाला आणि वाहतूक चालू ठेवा. दुसरा म्हणतो, मग वरच्या कैच्या नुसत्या शोभेच्या झाल्या, भार त्यांच्यावर राहिलाच नाही. हा पूल नव्हे, पुलाचे सोंग. तिसरा म्हणतो, कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे तसाच तुकडा तसाच सांधा करून बसवा. मला तिसरा पक्ष बरोबर वाटतो. आपण जुन्या धोतराला ठिगळ लावतो तेव्हा धोतर नवे झाले असे म्हणत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि तसा सांधा करणारा हात लागतो.

खरे पाहता रोजची निगा फार साधी आहे. छपराचे फुटके लाकडी पापुद्रे बदलणे, आणि जिथे पुलाची टोके दगडी भिंतीवर टेकतात तिथे वाऱ्याने साचलेला पालापाचोळा व माती वेळच्या वेळी काढणे. ओल धरून बसते ती तिथेच. हजारो डॉलरांची तुळई मूठभर कुजक्या पानांनी जाते! आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, पन्हळी साफ करतात, तेच हे.

हाताविषयी म्हणाले, त्याचे कारण मिल्टन ग्रॅटन. न्यू हॅम्पशायरच्या या गृहस्थांनी जुने पूल जुन्याच पद्धतीने दुरुस्त केले. अख्खा पूल बैलजोडीने आणि दोरांनी ओढून जागेवर आणण्याची त्यांची पद्धत होती. 1978 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, त्याच्या नावातच त्यांनी स्वतःला छपराचे पूल बांधणाऱ्यांतला शेवटचा म्हटले. मौज अशी की त्यांचा मुलगा अर्नोल्ड तेच काम पुढे करीत राहिला, त्यामुळे ते 'शेवटचे' ठरले नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लेनहाइम पुलाचे नशीब वेगळे. 1855 मध्ये निकोलस पॉवर्स यांनी नदीत एकही खांब न घेता दोनशेहून अधिक फुटांचा हा पूल टाकला. लोक म्हणत, तो पडणार. आधाराचे टेकू काढताना पॉवर्स पुलाच्या छपरावर जाऊन बसले, पडलाच तर आपणही जाऊ म्हणून, अशी आख्यायिका आहे. पूल पडला नाही. 1930च्या दशकात शेजारी लोखंडी पूल झाला, तेव्हाही परगण्याने जुना मोडला नाही. शेवटी 28 ऑगस्ट 2011 रोजी आयरीन वादळाच्या पुरात तो गेला. तिथल्या लोकांनी हट्टाने सरकारी मदत मिळवली आणि त्याच मापाचा पूल पुन्हा उभा केला. मात्र राष्ट्रीय स्मारक म्हणून असलेली मानाची नोंद काढून घेण्यात आली होती, कारण मूळ पूल उरला नव्हता. नियमाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मला मात्र वाटते, पुन्हा बांधणाऱ्यांच्या बाजूने एखादी नोंद वहीत हवी होती.

चीनमधल्या लोकांनी या प्रश्नाला दुसरेच उत्तर दिले आहे. फूच्येन आणि चच्यांग या प्रांतांत छपराच्या लाकडी पुलांची फार जुनी परंपरा आहे. तिथे ओंडके एकमेकांत विणून कमान करतात आणि तिच्यावर घरासारखी वास्तू बांधतात. तिचे वजनच कमानीला घट्ट धरून ठेवते. युनेस्कोने 2009 मध्ये जी नोंद केली ती पुलांची नव्हे, पूल बांधण्याच्या कलेची, आणि तीही तातडीने वाचवण्याच्या यादीत. 2024 मध्ये ती कला त्या धोक्याच्या यादीतून काढून नेहमीच्या यादीत घेतली. दरम्यान 15 सप्टेंबर 2016 रोजी चच्यांगमधल्या थायशुन परगण्यात वादळी पावसाने तीन जुने पूल एकाच दिवशी वाहून गेले. गावकरी नदीकाठाने खाली खाली गेले, वाहून आलेली लाकडे शोधली, खांद्यावरून परत आणली. बांधणारे कारागीर हयात होते, म्हणून त्याच लाकडांतून पूल पुन्हा उभे राहिले. कारागीर नसते तर तो सरपणाचा ढीग होता. दुसरीकडे, फूच्येनमधला वानआन नावाचा सुमारे 98 मीटर लांबीचा पूल ऑगस्ट 2022 मध्ये जळाला. आगीने परत द्यायला लाकूडच ठेवले नाही.

हे वाचून झाल्यावर मी मामांना विचारले, "मामा, आपल्या साकवाला छप्पर का नाही घातलं कोणी?" ते हसले. "वहाळ वरून जातोय की गं दोनदा तरी. छप्पर काय, माझं डोकं पण घेऊन जाईल." मग मला गोठ्यात घेऊन गेले आणि वर माळ्याकडे बोट दाखवले. तिथे साकवाचे दोन्ही ओंडके आणि फळ्या आडव्या ठेवलेल्या होत्या. दिवाळीनंतर वहाळ उतरला की साकव सोडवतात, गोठ्याच्या छपराखाली आणून ठेवतात आणि मे महिन्यात परत घालतात. दर वर्षी मी तिथे जाते, पण सुट्टीत साकव नसतो याचे कारण मी कधी विचारले नव्हते. पामरसाहेबांनी पुलावर छप्पर नेले. आमच्याकडे पूलच छपराखाली जातो.

दोन किलोमीटर खाली काँक्रीटचा पूल झाला आहे. चांगला आहे, एस.टी.ही जाते त्यावरून. पण शाळेच्या पोरांना तो फेरा पडतो, म्हणून साकव अजून घालतात. ओंडका कुठे टेकवायचा, बुंधा कोणत्या काठाला ठेवायचा आणि वेलीची गाठ कशी मारायची हे आता गावात दोघांनाच माहीत आहे. एक मामा, आणि दुसरे त्यांच्याहून म्हातारे.

या मे महिन्यात मी गेले होते. एक ओंडका आतून पोकळ झाला होता. मामांनी त्यावर कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकून आवाज ऐकवला, नंतर चांगल्या ओंडक्यावर ठोकून तो आवाज ऐकवला. चार वेळा ठोकल्यावर मला फरक कळला. नवा ओंडका वहाळावर ओढताना दोराचे एक टोक माझ्या हातात होते. तळहाताची साल गेली. संध्याकाळी मी वहीत हिशेब मांडला: ओंडका, दोर, सहा माणसांची मजुरी (कोणी घेतली नाही), चहा-साखर. मामांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि म्हणाले, "गाठ कशी मारली ते पण लिही की."

ती मात्र मला अजून नीट लिहिता येत नाही. दिवाळीनंतर साकव सोडवायला जाणार आहे, तेव्हा पुन्हा पाहीन.